स्पॅम फिल्टर माझं ऐकत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरून भाषांतराची कामं करते आणि माझं सगळं पोट ईमेलवर चालतं. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशनाचा मेल, ज्यांच्या पत्त्याला मी आधी चार वेळा 'नॉट स्पॅम' केलं होतं, तो पाचव्यांदा स्पॅममध्ये गेला आणि मला दिसला तेव्हा कामाची मुदत संपून आठवडा झाला होता. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले, ओळखीतल्यांचे मेल सोडवून दिले, आणि मग लोक विचारत राहिले. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. जिथे उत्तर आधीच येऊन गेलंय तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. मी दर वेळी 'नॉट स्पॅम' दाबते, तरी त्याच माणसाचा पुढचा मेल परत स्पॅममध्येच जातो. बटण बिघडलंय का?

बटण बिघडलेलं नाही, पण आपण त्याचा जो अर्थ घेतो तो त्याचा अर्थ नाहीये. आपल्याला वाटतं आपण हुकूम दिला, की हा माणूस माझा आहे, याला आत घे. फिल्टरच्या लेखी ते एक मत असतं. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची पत कशी आहे, त्याच्या मेलला बाकीचे लोक स्पॅम म्हणतात का, मजकुरातल्या लिंक कुठे जातात, पत्ता खरा असल्याचा पुरावा आहे का, असं बरंच काही तोलून निकाल लागतो आणि तुमचं मत त्या तागडीत एका बाजूला पडतं. बहुतेक वेळा ते पुरतं, पण बाकीचं पारडं जड असलं की तुम्ही दहा वेळा दाबलंत तरी हरता. आणि हे तुम्हाला कुणी सांगत नाही, माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. नाही ऐकायचं तर नका ऐकू, पण 'तुमचं म्हणणं आम्ही या कारणासाठी बाजूला ठेवलंय' एवढं तरी लिहा.

म्हणून मत देणं आणि नियम लावणं हे दोन वेगळे धरा. नियम कसा लावायचा ते पुढच्या उत्तरात.

२. मग जीमेलमध्ये माझाच शब्द चालावा यासाठी नेमकं काय करायचं?

फिल्टर बनवायचा, म्हणजे तुमचा स्वतःचा नियम; जीमेल त्यालाही 'फिल्टर'च म्हणतं. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, तो मेल उघडा, वरच्या तीन टिंबांवर जाऊन 'फिल्टर मेसेजेस लाइक दीज' निवडा. पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप भरलेला येतो, 'क्रिएट फिल्टर' दाबलं की खाली चौकटींची यादी येते, त्यातली 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' टिक करा आणि सेव्ह करा. बरेच जण इथे चुकतात, 'अप्लाय द लेबल' किंवा 'स्टार इट' टिक करतात आणि समजतात झालं. लेबल लावल्याने मेल स्पॅममध्ये जायचा थांबत नाही, ती एक विशिष्ट चौकटच लागते.

एखाद्या संस्थेतून वेगवेगळ्या लोकांचे मेल येत असतील तर 'फ्रॉम'च्या रकान्यात पूर्ण पत्ता न घालता @ आणि त्यापुढचं डोमेन घाला. पण हे फक्त त्या संस्थेच्या स्वतःच्या डोमेनला करायचं. जीमेल किंवा याहूच्या अख्ख्या डोमेनला असं सोडलंत तर जगातल्या कुणालाही दार उघडं केल्यासारखं होईल.

फिल्टर लागला की संशयास्पद वाटलेल्या मेलवर जीमेल पट्टी दाखवतं, की तुम्ही बनवलेल्या फिल्टरमुळे हा मेल स्पॅममध्ये टाकलेला नाही. मला ही पट्टी मनापासून आवडते. यंत्राने आपलं मत सांगितलं आणि निर्णय माझा ठेवला, बाकी सगळीकडे असंच व्हायला पाहिजे.

३. मोबाइलवर हा फिल्टरचा पर्याय सापडतच नाहीये.

जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, कॉम्प्युटरच लागतो. घरात नसेल तर सायबर कॅफेत बसू नका, ऑफिसात किंवा पोरांच्या लॅपटॉपवर एकदाच लॉगिन करून बनवा आणि आठवणीने लॉगआउट करा. एकदा बनवला की फोनवर येणाऱ्या मेललाही तो लागू होतो कारण तो सर्व्हरवर बसतो.

४. तो माणूस माझ्या कॉन्टॅक्टमध्ये आहे, मी त्याला स्वतः मेल पाठवलेत. एवढं पुरत नाही का?

मदत होते, हमी नाही. कारण असं आहे की मेलवर 'कडून' म्हणून जे नाव-पत्ता दिसतो तो पाठवणारा स्वतः लिहितो, पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचाही पत्ता लिहू शकतो तसं. आपण कॉन्टॅक्टमध्ये बँकेचा पत्ता ठेवला, आणि फिल्टरने आंधळेपणाने कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना आत सोडलं, तर भामट्याला फक्त बँकेचा पत्ता लिहायचं काम उरतं. दुसरी गोष्ट, ओळखीच्या माणसाचं खातं चोरीला गेलं तर मेल खरोखर त्याच्याच पत्त्यावरून येतो आणि आत मात्र विष असतं.

आउटलुकच्या वेब आवृत्तीत जंकच्या सेटिंगमध्ये 'ट्रस्ट ईमेल फ्रॉम माय कॉन्टॅक्ट्स' अशी वेगळी चौकट आहे. तिथे ती टिक करा आणि महत्त्वाचे पत्ते 'सेफ सेंडर्स'मध्ये पण घाला.

५. पण खातं माझं, मेल माझा, मी सज्ञान माणूस. कंपनी माझ्या निर्णयावर निर्णय का घेते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागात येतो, तो राग मला कळतो. मी यात दोन भाग पाडते. एक म्हणजे साधा स्पॅम, जाहिरात, बातमीपत्र, न आवडणारं पण निरुपद्रवी. यात शेवटचा शब्द माझाच असला पाहिजे, मला साड्यांच्या सेलचा मेल हवाय तर हवाय. दुसरं म्हणजे फिशिंग (खोट्या मेलने फसवून पासवर्ड किंवा पैसे काढून घेणं) आणि व्हायरस. इथे चूक झाली तर फक्त माझं नुकसान होत नाही, माझं खातं वापरून माझ्या तीनशे ओळखीच्यांना पुढचा मेल जातो. इथे कंपनीने अडवलं तर मी समजू शकते, पण अडवलंय हे सांगून, कारण दाखवून, आणि तपासून सोडवायची वाट ठेवून.

दुखणं हे की या दोन भागांमधली रेघ कंपनी आखते आणि ती आपल्याला दिसत नाही. साध्या बातमीपत्राला पण कधी कधी दुसऱ्या भागाचे नियम लागतात. जीमेलमध्ये स्पॅममधला मेल उघडला तर वर 'हा मेल स्पॅममध्ये का आहे' याचं एक ओळीचं कारण असतं, ते नक्की वाचा. 'आधीच्या स्पॅमसारखा दिसतो' असं असेल तर बहुतेक पहिला भाग, 'धोकादायक वाटतो' असं असेल तर दुसरा. दुसऱ्यात असताना घाईने बाहेर काढू नका, शेवटचा प्रश्न वाचा.

६. पूर्वी असं नव्हतं ना? की मलाच तसं वाटतंय?

वाटत नाहीये, खरंच फरक पडलाय. २००१ मध्ये आलेला स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्रॅम अजून बऱ्याच होस्टिंगवर चालतो, त्यात प्रत्येक मेलला गुण पडतात आणि साधारण ५ गुण झाले की स्पॅम. पण तुम्ही एखादा पत्ता आपल्या मान्य यादीत घातलात तर त्या मेलला थेट उणे १०० गुण मिळतात! म्हणजे बाकीच्या नियमांनी काहीही म्हटलं तरी मेल आत येणार. २००२ च्या आसपास शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारे फिल्टर आले तेही तुमच्या स्वतःच्या मेलवरून शिकायचे, शिक्षक तुम्हीच. डॉक्टरच्या मेलमध्ये औषधांची नावं चालायची कारण त्याचे मेल तसेच असायचे.

नंतर सगळे मेल मोठ्या दोन-चार कंपन्यांकडे गेले, फिल्टर एकच आणि तो सगळ्यांच्या वागण्यावरून शिकतो. त्याचा फायदा प्रचंड आहे हे नाकारून चालणार नाही, जीमेल स्वतः ९९.९ टक्क्यांहून जास्त स्पॅम, फिशिंग आणि व्हायरस अडवतं असं सांगतं आणि रोजच्या अनुभवाने ते पटतं. पण त्या सौद्यात 'माझ्यासाठी स्पॅम काय' हे ठरवायची ताकद आपल्या हातून गेली.

ज्यांना ती परत हवीये त्यांनी थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम वापरून बघा, त्याचा स्वतःचा जंक फिल्टर तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याकडूनच शिकतो. मात्र सर्व्हरने आधीच स्पॅममध्ये टाकलेलं तो आपोआप परत आणत नाही.

७. माझं उलटं आहे. मी स्पॅम दाबतो आणि तीच जाहिरात परत इनबॉक्समध्ये येते.

बहुतेक वेळा ती 'तीच' नसते. नाव तेच दिसतं, पण मागचा पत्ता दर वेळी थोडा बदललेला असतो, त्यामुळे ब्लॉक केलं तरी उपयोग नाही कारण ब्लॉक नेमक्या एका पत्त्याला लागतो. नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता बघा, @ च्या पुढचा भाग सारखा असेल तर त्या डोमेनचा फिल्टर बनवा (कृती २ नंबरमध्ये) आणि 'डिलीट इट' टिक करा.

आणि स्वतःहून नाव नोंदवलेल्या दुकानाचा मेल असेल तर आधी अनसबस्क्राइब करा. नको झालं म्हणून सरसकट स्पॅम दाबलं तर त्या दुकानाची बिलं पण पुढे स्पॅममध्ये जाऊ शकतात, मग स्पॅम दाबणारा तोच माणूस वॉरंटीच्या वेळी मला मेल शोधायला बसवतो.

८. मेल 'प्रमोशन्स'मध्ये जातो, तो पण स्पॅमच का?

नाही. तो इनबॉक्सचाच एक कप्पा आहे, तिथून आपोआप डिलीट होत नाही. मेल ओढून 'प्रायमरी'मध्ये टाका, पुढच्या वेळीही असंच करू का विचारतं, हो म्हणा. किंवा सेटिंगमधून कप्पेच बंद करा.

९. ऑफिसच्या आउटलुकमध्ये क्लायंटला 'सेफ सेंडर्स'मध्ये घातलंय, तरी त्याचे मेल येतच नाहीत. जंकमध्ये पण नाहीत.

ते बहुधा क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल अडवून ठेवायच्या वेगळ्या जागेत, असणार. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये व्हायरस असलेला मेल आणि ज्याच्या फिशिंगबद्दल त्यांना खात्री वाटते असा मेल, हे दोन प्रकार तुमच्या सेफ यादीला जुमानतच नाहीत. हे त्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय आणि लिहूनही ठेवलंय. तुमची यादी साध्या स्पॅमपुरती चालते. खात्रीच्या फिशिंगवाला मेल नेहमीच्या सेटिंगमध्ये तुम्ही स्वतः सोडवू शकत नाही, फार तर विनंती करता येते, सोडवतो तो ॲडमिन.

तेव्हा आयटीवाल्यांना 'मेल येत नाही' एवढंच सांगू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, विषय, पाठवल्याची तारीख-वेळ द्या आणि क्वारंटाइन बघा म्हणा. आणि लवकर, कारण तिथेही मुदत असते, काही दिवसांनी मेल कायमचा जातो.

१०. मी सकाळी मेल इनबॉक्समध्ये बघितला, दुपारी तिथे नव्हता! मी हलवला नाही, शपथ.

विश्वास आहे. याची दोन कारणं मी पाहिलीत.

पहिलं, ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये पोचलेल्या मेलची पण फेरतपासणी होते. नंतर कळलं की हा स्पॅम किंवा फिशिंग आहे, तर मेल इनबॉक्समधून काढून जंक किंवा क्वारंटाइनमध्ये टाकतात. साध्या स्पॅमच्या बाबतीत फक्त न वाचलेल्या मेलला हात लावतात, फिशिंग आणि व्हायरस असेल तर वाचलेला सुद्धा उचलतात.

दुसरं कारण शोधायला मला तीन रविवार लागले. एका नातेवाइकांच्या दुकानात जुना कॉम्प्युटर होता, त्यावर कधीकाळी मेलचा प्रोग्रॅम लावून दिलेला, त्याचा स्वतःचा जंक फिल्टर चालू. इकडे हे फोनवर मेल 'नॉट स्पॅम' करून इनबॉक्समध्ये आणायचे, तिकडे दुकान उघडलं की तो प्रोग्रॅम आयमॅपने (मेल सर्व्हरवर ठेवून सगळ्या यंत्रांवर तेच दाखवायची पद्धत) जोडलेला असल्याने तोच मेल परत जंकमध्ये ढकलायचा, आणि आयमॅपमध्ये एका ठिकाणी हललेला मेल सगळीकडे हलतो. सगळ्यांनी सर्व्हरला दोष दिला होता. त्या जुन्या यंत्रावरचा जंक फिल्टर बंद केला आणि सगळं शांत. तुमचं खातं कुठल्या कुठल्या यंत्रांवर चालू आहे त्याची यादी काढा, अँटीव्हायरसचा मेल तपासणारा भाग पण त्यात धरा.

११. कॉलेजच्या जुन्या पत्त्यावरचे मेल मी जीमेलला फॉरवर्ड करतो. त्यातले अर्धे स्पॅम होतात, फिल्टर कुणाकुणाचे लावू?

इथे पाठवणाऱ्याचा दोष नसतो, वाटेचा असतो. प्रत्येक डोमेन जाहीर करतं की माझ्या नावाने मेल फक्त या सर्व्हरवरून निघतील, त्याला एसपीएफ म्हणतात. कॉलेजचा सर्व्हर तो मेल पुढे ढकलतो तेव्हा जीमेलला दिसतं की बँकेच्या नावाचा मेल कॉलेजच्या सर्व्हरवरून आलाय, म्हणजे संशय. डीकेआयएम नावाची सही मेलवर असते, ती फॉरवर्डमध्ये टिकते, पण कॉलेजने विषयात '[बाहेरचा मेल]' असलं काही जोडलं की ती पण मोडते.

प्रत्येकाचा फिल्टर लावण्यापेक्षा फॉरवर्ड बंद करा आणि जुनं खातं फोनच्या ॲपमध्ये दुसरं खातं म्हणून सरळ जोडा. आणि तुम्ही जीमेलवरून पुढे दुसरीकडे फॉरवर्ड करत असाल तर लक्षात ठेवा, जीमेलने स्पॅम ठरवलेला मेल फॉरवर्ड होत नाही, दुसऱ्या खात्यात त्याचा मागमूसही नसतो. पॉपने, म्हणजे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीने, मेल वाचणाऱ्यांचंही तेच, स्पॅम खाली येतच नाही, वेबवर जाऊनच बघावं लागतं.

१२. गूगल ग्रुपवर एका सभासदाचे मेल कुणालाच मिळत नाहीत. सगळ्यांनी फिल्टर लावले.

ग्रुपला स्वतःचा स्पॅम फिल्टर असतो, मेल तिथेच अडकलाय. सभासदांनी काहीही करून उपयोग नाही. ग्रुपच्या मॅनेजरने वेबवर जाऊन अडकलेले मेल बघायचे, मंजूर करायचे, आणि सेटिंगमध्ये स्पॅमबद्दल काय ठरवलंय ते तपासायचं.

१३. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सभेची नोटीस १८० जणांना बीसीसी करतो, निम्म्यांना स्पॅममध्ये जाते आणि भांडण माझ्याशी.

साध्या जीमेलवरून एकदम इतक्यांना, 'टू'मध्ये कुणी नाही, मजकूर एक ओळ आणि खाली पीडीएफ, हे चित्र नेमकं स्पॅमसारखं दिसतं. ग्रुप बनवून त्यावर पाठवा, नोटीस मजकुरात पण लिहा, नुसतं अटॅचमेंट नको. साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा पण आहे. आणि सभासदांकडून एकदाच २ नंबरचा फिल्टर लावून घ्या, पुढच्या सभेत पाच मिनिटं द्या त्याला.

मोठ्या प्रमाणावर पाठवणारे, म्हणजे जीमेलवर दिवसाला ५००० च्या पुढे, त्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम (हे दोन्ही ११ नंबरमध्ये) आणि डीमार्क (त्या तपासण्या नापास झाल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारा डोमेनचा नियम) तिन्ही लागतात, एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. एवढ्या तक्रारी म्हणजे हजारात तीन माणसं. बाकी ९९७ जणांना मेल हवा असला तरी!

१४. माझ्या दुकानाच्या वेबसाइटवरच्या फॉर्मची चौकशी मला स्वतःलाच स्पॅममध्ये येते.

फॉर्म गिऱ्हाइकाचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये टाकतो आणि पाठवतो मात्र तुमच्या होस्टिंगवरून, म्हणजे तुमचाच फॉर्म रोज दुसऱ्याच्या नावाने सही करतोय. 'फ्रॉम'मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता आणि 'रिप्लाय टू'मध्ये गिऱ्हाइकाचा, एवढं वेबसाइटवाल्याकडून करून घ्या.

१५. समोरचा म्हणतो पाठवला, माझ्याकडे स्पॅममध्ये पण नाही.

आधी नीट शोधा. जीमेलचा साधा सर्च स्पॅममध्ये शोधत नाही, सर्चच्या पर्यायांमध्ये 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडावं लागतं. तरी नाही मिळाला तर शक्यता ही की सर्व्हरने मेल दारातूनच परत पाठवला. तेव्हा तुमचा फिल्टर, यादी, काहीच चालत नाही कारण मेल तुमच्या खात्यापर्यंत आलाच नाही. समोरच्याला 'डिलिव्हरी फेल' असा मेल आलाय का विचारा, त्यातला ५५० वगैरे आकडा आणि त्यापुढचं वाक्य जसंच्या तसं मागून घ्या. दुरुस्ती त्याच्याच बाजूला होणार. अटॅचमेंट हे नेहमीचं कारण, जीमेल '.ईएक्सई' सारख्या फाइल घेतच नाही, झिपमध्ये घालून पाठवल्या तरी.

१६. स्पॅममध्ये पडलेला मेल 'मला मिळालाच नाही' असं कायद्याने म्हणता येतं का?

मी वकील नाही, पण हे प्रत्येकाने जाणून असावं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तुम्ही दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत मेल शिरला की तो पोचला. तुम्ही उघडला का, कुठल्या फोल्डरमध्ये होता, हे त्या कलमात विचारलेलं नाही. म्हणजे फोल्डर यंत्र ठरवणार आणि जबाबदारी माझी. खटला, टेंडर, भाड्याचा करार असलं काही चालू असेल तर स्पॅम रोज बघा आणि वकिलाला विचारा.

रोज म्हणतेय कारण जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा काढून टाकतं. परत मिळत नाही.

१७. नको असलेल्या ईमेलची तक्रार १९०९ वर करता येते का?

नाही, ते फोन आणि एसएमएससाठी आहे. ईमेलमुळे पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

१८. मी मेल स्पॅममधून बाहेर काढला, पण त्यावर लाल पट्टी आहे. माणूस मात्र ओळखीचा आहे. कुणाचं खरं मानू?

लिंक दाबू नका, अटॅचमेंट उघडू नका. तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' उघडा, तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं. डीमार्क फेल असेल तर मेल खोटा असू शकतो, किंवा ११ नंबरसारखा वाटेत मोडलेला. तिन्ही पास असतील तर पत्ता खरा, पण खातं कुणाच्या हातात आहे ते त्यावरून कळत नाही.

म्हणून त्या माणसाला फोन करा, मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. माझ्या एका मैत्रिणीने असा फोन केला तेव्हा पलीकडचे सर म्हणाले, 'हो हो, मीच पाठवलाय, नातीच्या मुंजीचे फोटो आहेत.' मग तिने २ नंबरचा फिल्टर लावला आणि फोटो बघितले.